बापूस पत्र: मागचे टायर घेण्याआधी

परभणी

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. फोनवर तुझ्या मागे ट्रॉली भरायचा गोंधळ चालला होता, धड बोलणं झालं नाही. म्हणून तुझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचं सविस्तर लिहितोय.

दुकानदाराने तुला उंच दातांचा टायर दाखवला आणि ‘उसाच्या रानाला हाच’ असं सांगितलं. त्या टायरचा वर्ग आर-२. भातखाचरं आणि पाणी साचून राहणारी उसाची रानं, यांच्यासाठीच तो बनवतात. नेहमीच्या आर-१ पेक्षा त्याचे दात जवळजवळ दुप्पट उंच असतात. पण तुझ्या उसाची तोड होते थंडीत, कोरड्या रानात, आणि मग ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत डांबरावरून पळतो. डांबरावर ते उंच दात वाकतात, घासतात आणि लवकर झिजतात. वर गाडीला हादरे बसतात ते वेगळेच. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात तू असतास तर मीच म्हणालो असतो, घे. तिथेही चिखलणीला बरेच जण टायरच्या जोडीला लोखंडी जाळीची चाकं लावतात.

तुझं दुखणं असं, की रान तीन तऱ्हेचं आणि टायरची जोडी एकच. नदीकाठची काळी, वरचा मुरमाड माळ आणि कारखान्याचा रस्ता. वर्षभरात ट्रॅक्टरचे सगळ्यात जास्त तास कुठे जातात, ते आधी मांड. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त रस्त्यावर आणि माळावर. म्हणून साधा आर-१ घे, रबर कडक आणि प्लाय, म्हणजे आतले थर, जास्त असलेला. मुरमातल्या दगडाने उंच, मऊ दातांचे तुकडे उडतात. आर-१ आणि आर-२ च्या मधला आर-१डब्ल्यू नावाचा प्रकारही आहे, दात थोडेच उंच. काळीचं काम जास्त असतं तर तो चालला असता.

आता काळीचं सांगतो, कारण आमचं आयुष्य तिच्यातच चाललंय. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि दातांमधल्या फटी भरून टाकते. एकदा फटी भरल्या की टायर गुळगुळीत झाला म्हणून समज. मग दात किती उंच होते याला काही अर्थ उरत नाही. फटी रुंद असतील तर चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. टायर बसवताना दिशाही बघून घे. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहिल्यावर दातांचं टोक वर दिसलं पाहिजे. उलटा बसला तर चिखल बाहेर पडायच्या ऐवजी मधे गोळा होतो. एवढं करूनही वापसा नसताना, म्हणजे ओल उतरून रान कामाजोगं झालेलं नसताना, काळीत घुसलास तर कुठलाच टायर तुला वाचवणार नाही. वरची माती किती दबते ते बरंचसं हवेच्या दाबावर असतं, पण खोलवरचा कडक थर एक्सलवरच्या वजनाने तयार होतो. तो पुढच्या हंगामात मुळांना नडतो.

म्हणून मी टायरच्या नक्षीपेक्षा हवा आणि वजन यांच्यावर जास्त डोकं घालवतो. शेतात हवा कमी ठेवली की टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. तीच कमी हवा ठेवून भरलेली ट्रॉली ओढली तर टायरची बाजू दुमडून तापते आणि फाटते. ऊस वाहतुकीच्या दिवसांत हवा वाढव, नांगरटीला उतरताना कमी कर. किती ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. टायरवर जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, रोजच्या कामाचा नव्हे, हे आपल्याकडे निम्म्या लोकांना माहीत नाही.

दुकानदार तुझ्या १३.६-२८ मापाच्या जागी १४.९-२८ घ्यायला सांगेल (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत). रुंद टायर दिसतो झकास. पण त्याचा व्यासही पाचेक सेंटीमीटरने वाढतो, आणि तुझा ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह आहे. पुढच्या-मागच्या चाकांचं गणित कंपनीने जुळवलेलं असतं. मागची बदललीस तर पुढचीही बघावी लागतात, नाहीतर गिअरवर ताण येतो. तू मापच बदलू नकोस.

रेडियलचं, म्हणजे आतले धागे आडवे असलेल्या टायरचं, विचारलंस. तो जमिनीवर लांब पसरतो, कमी हवेत चांगलं काम करतो, पण पैसे जास्त लागतात. भाड्याने नांगरट करणाऱ्याला तो परवडतो. तुझे पैसे मी त्यात घालायला सांगणार नाही.

राहिलं पाणी, चाकाला वजन यावं म्हणून टायरमध्ये भरतात ते. पाऊण चाक भरायचं, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून. तुझ्या मापाच्या टायरमध्ये शे-दीडशे लिटर मावतं. पण ऊस ओढताना ते वजन फुकट डिझेल खातं, म्हणून आधी चाक किती घसरतं ते मोज. टायरवर खडूने खूण कर. नांगर उचलून चाकाचे १० फेरे होईपर्यंत रानात चाल आणि अंतर मोज. मग नांगर लावून तेच. पहिल्यांदा ३९ मीटर आणि नंतर ३४ आलं, तर घसरण साधारण १३ टक्के. १० ते १५ च्या दरम्यान असली की ठीक. त्याहून जास्त असेल तर पाणी भर. १० च्या खाली आली तर वजन उगाच वाहतोयस, काढून टाक.

माळावर एकदा आणि काळीत एकदा असं दोन्ही ठिकाणी मोजून आकडे कळव. जुन्या टायरवर मोजलंस तरी चालेल, फक्त हवा किती होती तेही लिही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अप्पा