पोटातला गोळा आणि दोन दिवसांचं सर्टिफिकेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शरीरात साठून राहणाऱ्या ताणावरचा लेख वाचला. मनाचा ताण शरीरात उतरतो, हा मूळ मुद्दा मला मान्य आहे. मी बावीस वर्षं एका तालुक्याच्या गावात फिजिओथेरपी करते. आमच्याकडे येणारा पेशंट कधी ‘मला एन्झायटी आहे’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मॅडम, छातीत धडधडतंय, पोटात गोळा येतो, हातापायातलं बळच गेलंय.’ भीतीने तोंडचं पाणी पळतं, सुटका झाली की जीव भांड्यात पडतो, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1884 मध्ये ‘आपण दुःखी असतो म्हणून रडत नाही, रडतो म्हणून दुःखी होतो’ अशा अर्थाची मांडणी केली, तेव्हा मानसशास्त्रात केवढी खळबळ उडाली होती! आमच्या बाजारपेठेतल्या भाजीवालीला त्यात फारसं नवल वाटलं नसतं.

माझा आक्षेप लेखाखालच्या चौकटीला आहे. समुपदेशक, योगशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, नर्स, कुणीही यावं आणि दोन दिवसांत ‘सोमॅटिक प्रॅक्टिशनर’, म्हणजे शरीरातून मनावर उपचार करणारा, होऊन जावं, असा तिचा मजकूर होता. तसल्याच एका कार्यशाळेला मी गेल्या वर्षी अकरा हजार रुपये भरून गेले होते. आयोजकांचं नाव लिहीत नाही. प्रकार सगळीकडे सारखाच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढून आम्हा तीसेक जणांना सतरंजीवर झोपवलं, मोठ्या आवाजात संगीत लावलं आणि तोंडाने भराभर श्वास घ्यायला सांगितलं. थांबायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. माझ्या शेजारची मुलगी एका शाळेत समुपदेशक आहे. तिचे हात मनगटात वाकले, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात ओढला गेला. ‘तोंडाभोवती मुंग्या आल्यात’ म्हणाली आणि रडायला लागली. प्रशिक्षक तिच्याजवळ आले, कपाळावर हात ठेवला आणि माइकवरून सगळ्यांना सांगितलं, ‘बघा, लहानपणापासून साठलेलं दुःख बाहेर पडतंय. थांबवू नका.’

दुःख नव्हतं ते. इतका भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने घटतो, रक्त अल्कलीकडे झुकतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जाऊन चिकटतं, आणि कॅल्शियम कमी पडलं की नसा जरा कशाने उसळतात. मग हात असे आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही याच कारणाने आकसतात, म्हणून गरगरतं आणि काहीतरी अलौकिक घडतंय असं वाटतं. हे आम्हाला पहिल्या वर्षाच्या फिजिओलॉजीत असतं. मी उठून तिला बसवलं, तोंड मिटून सावकाश श्वास सोडायला लावला. दहा मिनिटांत बोटं उघडली. प्रशिक्षकांना ते आवडलं नाही. मी ‘प्रक्रियेत व्यत्यय’ आणला होता.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढताना पेशंटला तीनेक मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात. दबलेली फिट कागदावर दिसावी, म्हणून मुद्दाम. पण तिथे शेजारी शिकलेला माणूस उभा असतो. आमच्या कार्यशाळेच्या नोंदणीच्या फॉर्मवर जैन जेवण हवं का, हे विचारलं होतं. फिट येते का, दिवस आहेत का, हृदयाचा त्रास आहे का, हे नव्हतं विचारलं.

म्हणजे हे सगळं थोतांड आहे का? मुळीच नाही, आणि म्हणून तर राग येतो. व्हेगस नावाची मेंदूतून निघणारी दहावी नस गळ्यातून छातीत आणि पोटात उतरते. तिच्यातले सुमारे 80 टक्के तंतू खालून वर, म्हणजे शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगात चालतं, सोडताना मंदावतं. नाडीवर बोट ठेवून कुणीही पाहावं. म्हणूनच श्वास सोडणं लांबवलं की धडधड उतरते. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक सुरेख अभ्यास आला होता. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणा की ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणा, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर होते. रोज तिन्हीसांजेला हरिपाठ म्हणणाऱ्या माझ्या आजीचा श्वास कुणी मोजला नाही, मोजायला हवा होता.

अमेरिकेतल्या एडमंड जेकबसनने 1929 मध्ये स्नायू आवळून सोडण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. मूठ घट्ट मिटा, सोडा, फरक ओळखा, इतकं साधं. मी ती रोज वापरते. मेंदूच्या तब्येतीचं म्हणाल, तर 2011 मध्ये 120 वयस्कर लोकांवर वर्षभर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस दमदार चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भाग, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा थोडा घटला. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसंच आलं असं नाही, तरी मी पेशंटला चालायला सांगताना कचरत नाही. चालणं फुकट आहे, त्याची कार्यशाळा निघत नाही.

उलट भीती आणि सुरक्षिततेची भावना व्हेगस नसेच्या कामावरून समजावणाऱ्या ज्या ‘पॉलिव्हेगल’ सिद्धांतावर या दोन दिवसांची इमारत उभी असते, त्याच्या पायाभूत गृहीतकांनाच अनेक शरीरशास्त्रज्ञांनी हरकत घेतली आहे. स्लाइडवर मात्र तो गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखा दाखवला गेला. ‘नर्व्हस सिस्टीम रीसेट’ हा शब्द मी दोन दिवसांत किती वेळा ऐकला, ते मोजणं सोडून दिलं.

आपल्याकडे याहून कडक शिस्तीची परंपरा आहे, तीही लोणावळ्यात. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम ही योगावर संशोधन करणारी संस्था काढली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्यांना क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं, पोटातला दाब मोजला, मग लिहिलं. शंभर वर्षांनंतर आम्ही मात्र न मोजता माइक हातात घेतोय.

एक पेशंट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या बाई, यजमान जाऊन आठ महिने झालेले, उजवा खांदा पार आखडलेला. केस विंचरता येईना, ब्लाउजचं हूक लागेना. सोबत आलेली सून म्हणाली, ‘आमच्या योगाच्या मॅडम म्हणतात, खांद्यात दुःख साठलंय.’ ऐकायला किती छान! मी आधी साखर तपासायला पाठवलं, कारण आखडलेला खांदा मधुमेह्यांत जास्त दिसतो. एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, 9.4 निघाली, म्हणजे बरीच जास्त. बाईंना मधुमेह आहे हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. यजमानांच्या आजारपणात स्वतःची तपासणी करायला वेळ कुठला? औषधं सुरू झाली, खांद्याचे व्यायाम सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात हात डोक्यापर्यंत गेला, तेव्हा त्या टेबलावरच बसून खूप वेळ रडल्या. मी गरम शेकाची पिशवी तशीच ठेवून स्टुलावर बसून राहिले. दुःख होतंच. पण साखरही होती. ‘साठलेल्या दुःखा’वर समाधान मानलं असतं, तर डोळ्यांपर्यंत पोचेतो ती कळली नसती.

आपण खरंच काही छापणार असाल तर हे छापा: शरीरातून मनाकडे जाणाऱ्या पद्धती शिकवणाऱ्याची मूळ पदवी कोणती, त्याच्या कामावर कुणाची देखरेख आहे, आणि पेशंट हाताबाहेर गेला तर तो कुणाकडे पाठवतो. स्पर्शाचंही विचारा. आमच्या टेबलावर पेशंट हात लावला जाईल हे गृहीत धरून येतो, समुपदेशकाच्या खुर्चीत तसं नसतं. ज्या बाईवर कधी जबरदस्ती झालेली आहे तिला ‘डोळे मिटा, शरीराकडे लक्ष द्या’ म्हटल्यावर घाम फुटू शकतो, हे त्या दोन दिवसांत एकदाही सांगितलं गेलं नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपी आणि समुपदेशनासारखे वर्तणूक आरोग्याचे व्यवसाय एकाच आयोगाखाली आणले आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक अशा आम्हा दोघांना एकत्र बसवून, पर्यवेक्षकाखाली काही महिन्यांचा अभ्यासक्रम दिला, तर मी या वयातही पहिल्या बाकावर बसेन. आम्हाला मन वाचता येत नाही, त्यांना खांदा तपासता येत नाही. एकमेकांचे फोन नंबर तरी असावेत!

त्या मुलीकडे माझा नंबर होता. कार्यशाळेनंतरच्या रविवारी तिचा फोन आला. शाळेने तिला नववीच्या दोन तुकड्यांसाठी परीक्षेच्या ताणावर तास घ्यायला सांगितलं होतं, आणि तेच श्वासाचं करून घ्यायचं तिच्या मनात होतं. ‘मॅडम, माझे हात वाकडे झाले होते ना, ते नक्की कशाने?’ मी कार्बन डायऑक्साइडपासून सगळं सांगितलं. वर्गातल्या एका मुलाला फिट येते, हे तिला तेव्हा आठवलं. सोमवारी तिने पोरांना मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या आणि मग झाडाखाली बसवून, परीक्षेच्या आधी पोटात नेमकं काय होतं ते एकेकाला विचारलं. तास संपला तरी पोरं सांगतच होती म्हणे.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा जिल्हा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)