काका, त्या बुटांबद्दल

प्रिय काका,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय गो" म्हणता आणि खाली मान घालून सुपारी कातरायला लागता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेलच. तिला सांगा, गाळून वाचू नको.

मी नर्स. गेल्या जूनमध्ये बदली होऊन रत्नागिरीत आले, तुमच्या वाडीतली मागची खोली भाड्याने घेतली आणि महिन्याभरात एसटी स्टँडवरून बुंदीला उचलून आणलं. तुम्हाला कुत्री आवडत नाहीत हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. आजही तुम्ही तिला नावाने हाक मारत नाही. "तुझं ते जनावर" म्हणता. ते जनावर रोज पहाटे आडवाटेने फिरून येतं आणि दारात वाळत घातलेल्या माझ्या ड्यूटीच्या पांढऱ्या बुटांवर चारी पायांनी उभं राहतं. दुसरी जागाच सापडत नाही तिला.

माझं माहेर यवतमाळकडचं. आमची काळी माती चिकटते तेव्हा ढेकळंच्या ढेकळं चिकटतात, पाय उचलवत नाही. पण वाळली की बरीचशी आपटून पडते. तुमची लाल माती तशी नाही, ती कापडात मुरते. जुलै अर्धा होईतो माझ्या कॅनव्हासच्या बुटांना चहात बुडवलेल्या खारीचा रंग आला होता. इन्चार्ज सिस्टर काही बोलल्या नाहीत, नुसत्या खाली बघायच्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रविवारी तर बुंदीने एका बुटात चक्क मुतून ठेवलं. मी वैतागून बादलीत ब्लीच ओतलं. वॉर्डमध्ये कुठे काही सांडलं की आम्ही १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ केलेलं ब्लीचच, वापरतो, हाताला तीच सवय. घरातली बाटली त्याच्या कितीतरी पट तीव्र होती, तीही मी अंदाजाने ओतली. मुतात अमोनिया असतो आणि तो ब्लीचला भेटला की डोळे आणि घसा जाळणारा वायू सुटतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. तरी ओतलं. डोळ्यांतून पाणी, बुंदी शिंकतेय, आणि दगडी गडग्यापलीकडून तुम्ही: "अगो, काय करतेस ता? बाहेर हो आधी!" तुम्ही मला आणि त्या जनावराला, दोघींना अंगणात काढलंत आणि दारं-खिडक्या सताड उघडायला लावलीत. वास गेल्यावर मी बादली रिकामी केली आणि बूट खळखळून धुतले. डाग होते तिथेच. उलट तळव्याच्या रबराची कड पिवळी पडली.

मग तुम्ही पायरीवर बसलात आणि सांगायला लागलात. बत्तीस वर्षं तुम्ही शाळेत शिपाई होतात. बँडपथकाचे पांढरे बूट तुमच्याकडे असायचे. "१५ ऑगस्ट काय उन्हाळ्यात येतो?" तुम्ही विचारलंत. रंगीत तालीम लाल मैदानावर, भर पावसात, आणि झेंडावंदनाला चाळीस जोड पांढरेशुभ्र हवेत. इतकी वर्षं. मी पुस्तकं वाचून नर्स झाले, पण तुमच्यासमोर त्या दिवशी शिकाऊच होते.

तुमची पहिली अट मला सगळ्यात जड गेली: चिखल ओला असताना हात लावायचा नाही. ओला चिखल घासला की तो धाग्यात आणखी आत जातो. नाड्या आणि आतले तळवे काढायचे, पंख्याखाली ठेवायचं आणि गप्प बसायचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात कोरडं होण्याची वाट बघणं म्हणजे तप आहे, काका. पण वाळल्यावर तुम्ही नारळाच्या सोडणाचा तुकडा ठेचून त्याचा ब्रश केलात, बूट उलटा धरून झाडलात आणि खाली पेपरावर लाल भुकटीची ढिगोळी पडली. निम्मं काम पाण्याचा थेंब न लावता झालं.

उरले डाग. तुम्ही परसात जाऊन मूठभर बिलिंबी, ती आंबट हिरवी फळं, घेऊन आलात. मला वाटलं, आमटीत टाकायला. आमच्याकडे हे झाडच नाही, त्यामुळे मला तिचा दुसरा उपयोग ठाऊक असायचं कारण नव्हतं. तुम्ही एक चिरून डागावर चोळलीत, दहा मिनिटं थांबलात, गार पाण्याने धुतलंत. तांबूस कड फिकी झाली. परत एकदा. मग माझ्यातली विद्यार्थिनी जागी झाली: लाल मातीचा रंग म्हणजे लोखंडाचा गंज. गंजावर ब्लीचचं काही चालत नाही. बिलिंबीत ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते लोखंडाला धरून पाण्यात उतरवतं. तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "असेल. माझी आई कपड्यांचे गंजाचे डाग असेच काढायची."

एक मात्र तुम्ही त्या दिवशी बरोबर केलंत, कळून की नकळत. ब्लीचमधून काढलेल्या जोडाला बिलिंबी लावली नाहीत, माझा दुसरा जोड मागवलात. ब्लीचवर आंबट पडलं असतं तर क्लोरीन सुटला असता आणि आपण परत अंगणात गेलो असतो.

पुढचं साबणाचं काम मला येत होतं असं वाटायचं. येत नव्हतं. फेस जाईपर्यंत खळबळून काढायला तुम्ही पाच वेळा पाणी बदलायला लावलंत. शेवटच्या पाण्यात निळीचे दोनच थेंब. मग शाळेच्या जुन्या वह्यांची कोरी पानं ओली करून बुटांना बाहेरून गुंडाळलीत आणि सावलीत ठेवलीत. छापील पेपर नाही, शाई उतरते. "पाणी वर येताना मळ घेऊन येतं, त्याला बसायला कागद दे," म्हणालात. दुसऱ्या दिवशी पिवळट डाग कागदावर आणि बूट पांढरे. याआधी माझे बूट धुऊनही कडेला पिवळे का पडायचे, ते त्या कागदावर बघून कळलं.

माझ्याकडून तुम्हाला एकच गोष्ट मिळाली असेल. रबराची कड टूथपेस्टने घासायचा सल्ला मला मैत्रिणीने दिला होता आणि तुम्हालाही तो पटला होता. मी नको म्हटलं. काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याच्या पोटात गेलं तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते, जीवही जाऊ शकतो. आणि बुंदी बूट चाटते, चावते, उशाला घेते. तुम्ही काही बोलला नाहीत. पण त्यानंतर चोळलेल्या बिलिंबीच्या फोडी तुम्ही स्वतः उचलून गडग्यापलीकडे टाकता, जनावराच्या तोंडाला लागू नयेत म्हणून. हे मी पाहिलंय, काका.

आता माझ्या दारात तुम्ही आणून टाकलेलं गोणपाट असतं, शेजारी पाण्याचा डबा. बुंदीचे पाय आधी तिथे, मग घरात.

परवा नाइट करून आले तर डावा बूट तुमच्या ओट्यावर, कागदात गुंडाळलेला. मी धुवायला विसरले होते. उघडून बघितलं, पांढराशुभ्र, फक्त टाचेला चार दातांची भोकं. तुम्ही आतूनच म्हणालात, "माती जाते गो. दात काय धुऊन जात नाहीत."

तुमची,
मागच्या खोलीतली