भास थांबले म्हणून फाइल बंद करू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय: सायकोसिसच्या पहिल्या एपिसोडनंतर स्मरणशक्ती, एकाग्रता आणि विचारांचा वेग यांची तपासणी व उपचार सार्वजनिक सेवेत आणण्याबाबत.

महोदय,

सायकोसिसचा, म्हणजे भास आणि निराधार संशय यांमुळे वास्तवाशी नाते तुटण्याच्या आजाराचा, पहिला एपिसोड बहुतेकांना ऐन शिक्षणाच्या किंवा नोकरी लागण्याच्या वयात येतो. औषधे सुरू होतात, बऱ्याच जणांचे भास आणि संशय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात, आणि केसपेपरवर ‘सुधारणा’ असा शेरा पडतो. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत प्रश्न ठरलेले: झोप लागते का, आवाज येतात का, गोळ्या वेळेवर घेता का. उत्तरे समाधानकारक मिळतात. तरीही तीच मुलगी किंवा तोच मुलगा कॉलेजात परत जातो आणि टिकत नाही. घरचे म्हणतात, आळशी झालाय. तो स्वतः म्हणतो, डोके चालत नाही. आमच्या मते तोच अचूक सांगत असतो, आणि त्याचे हे वाक्य कुठेही नोंदवले जात नाही.

हे ‘डोके न चालणे’ मोजता येते. एका कागदावर वरच्या ओळीत नऊ चिन्हे असतात, प्रत्येकाखाली एक अंक. खाली त्याच चिन्हांच्या रांगा. ९० सेकंदांत जमतील तितके अंक भरायचे. लागते फक्त पेन्सिल आणि घड्याळ. दुसऱ्या चाचणीत पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील ते शब्द विचारतात. पहिल्या एपिसोडमधून बाहेर आलेल्यांचा गट, त्याच वयाच्या निरोगी गटाच्या तुलनेत, सर्वांत मागे पडतो तो याच दोन गोष्टींत, म्हणजे विचारांच्या वेगात आणि नुकतेच ऐकलेले लक्षात ठेवण्यात. फरक साधारण एका प्रमाण विचलनाचा असतो. म्हणजे गटातला सरासरी माणूस शंभर निरोगी जणांच्या रांगेत शेवटून सोळाव्या-सतराव्या जागी जाऊन उभा राहतो. चाचण्यांत सर्वसाधारण गुण मिळवणारेही असतात, साधारण चार-पाच जणांत एक. पण तोही स्वतःच्या पूर्वीच्या पातळीपेक्षा खाली आलेला असू शकतो.

वर्गात याचा अर्थ काय होतो ते पाहा. शिक्षक बोलत असताना ऐकायचे, त्यातले कामाचे निवडायचे, ते लिहून होईपर्यंत पुढचे वाक्य डोक्यात धरून ठेवायचे. वेग कमी पडला की पुढचे वाक्य निसटते, मग त्याच्या पुढचे कळत नाही, आणि वीस मिनिटांत फळ्यावरचे सगळे परके होते. बुद्धी गेलेली नसते. हाच मजकूर थांबत थांबत, लिहिलेला समोर ठेवून दिला तर समजतो. म्हणूनच नुसत्या गप्पांतून हा दोष डॉक्टरांना दिसत नाही. स्मृतिभ्रंशासाठी वापरतात ती दहा मिनिटांची, ३० गुणांची प्रश्नावलीही इथे फारशी उपयोगी नाही. या वयातल्या शिकलेल्या माणसाला तिच्यात चांगले गुण मिळतात आणि सगळे ठीक असल्याचा चुकीचा दिलासा मिळतो.

हे सगळे गोळ्यांमुळे झाले, हा समज घराघरांत आहे आणि तो घातक आहे. न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा झाला. पुढे ज्यांना स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचा दीर्घकाळ चालणारा प्रकार) झाला, त्यांच्यात आजार सुरू होण्याच्या कितीतरी आधी, शाळकरी वयातच, काही क्षमता मागे होत्या आणि विचारांच्या वेगातले अंतर वयाबरोबर वाढत गेले होते. म्हणजे पहिली गोळी घेण्याआधीच बरेच काही घडून गेलेले असते. एपिसोडनंतरच्या पहिल्या काही वर्षांत बहुतेकांची पातळी फारशी हलत नाही. मात्र लंडन आणि नॉटिंगहॅम येथील रुग्णांना दहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा स्किझोफ्रेनियाचे निदान झालेल्यांची एकूण बुद्धिमापन पातळी आणि स्मरणाचे काही पैलू घसरलेले आढळले. एकदा तपासून विषय संपत नाही, तो यामुळेच.

औषधांचा वाटा मात्र आहे, आणि तोच सर्वांत सहज दुरुस्त होणारा आहे. भासांवरच्या औषधाने हातपाय ताठरले किंवा कंप आला की जोडीला ट्रायहेक्सीफेनिडिल दिले जाते. अचानक मान वा जबडा आखडला तर अशी गोळी हवीच. पण ती पहिल्या दिवशी ‘खबरदारी म्हणून’ लिहिली जाते आणि तीच चिठ्ठी वर्षानुवर्षे पुढे उतरवली जाते. ज्या अ‍ॅसिटिलकोलीनवर स्मरणाचे काम चालते, मेंदूतल्या त्या रसायनालाच ती अडवते. झोपेसाठी प्रोमेथाझिन, डोकेदुखीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन अशी भर पडली की परिणामांची बेरीज होते. रक्तात या परिणामाची पातळी जास्त असलेल्यांना स्मरणाच्या प्रशिक्षणाचा फायदाही कमी होतो, असे आढळले आहे. प्रतिबंध म्हणून ही गोळी सरसकट देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन सांगते.

ती एकदम बंद करणेही चूक आहे. मळमळ, निद्रानाश, अस्वस्थता सुरू होते आणि घरच्यांना वाटते आजार उलटला. दर एक-दोन आठवड्यांनी २ मिलिग्रॅम कमी करायचे, प्रत्येक टप्प्यावर मनगटाचा ताठरपणा आणि चाल पाहायची. ताठरपणा परत आला तर आधी मूळ औषधाचा डोस जास्त आहे का, ते पाहायचे. मेंदूतील डोपामिनचे डी-२ ग्राहक (ज्यांना अडवून ही औषधे भास कमी करतात) साधारण ८० टक्क्यांपेक्षा जास्त अडले की ताठरपणा वाढतो आणि भासांवर जास्तीचा उपयोग होत नाही.

मूळ औषध स्वतःच्या मनाने सोडण्याबद्दल हे अजिबात नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या एपिसोडमधून सावरलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्क्यांना पाच वर्षांत आजार उलटला, आणि औषध सोडल्यावर हा धोका जवळजवळ पाचपट झाला.

आकलन, म्हणजे स्मरण, एकाग्रता आणि विचारांचा वेग, सुधारेल अशी गोळी आज मान्यताप्राप्त नाही. ज्याकडून मोठी आशा होती ते आयक्लेपर्टिन जानेवारी २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या तिन्ही चाचण्यांत अपयशी ठरले. उरते या क्षमतांचा सराव आणि युक्त्या शिकवणारे प्रशिक्षण, आणि ते उपयोगी पडते. २०२१ मध्ये १३० अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. आकलनातही आणि रोजच्या व्यवहारातही सुधारणा दिसली, मध्यमापेक्षा लहान, पण खरी. ती जास्त दिसली तिथे तीन गोष्टी होत्या: प्रशिक्षित माणूस शेजारी बसलेला, युक्त्या पद्धतशीर शिकवलेल्या, आणि हे सगळे नोकरी-शिक्षणाच्या पुनर्वसनाशी बांधलेले. संगणक विकत घेऊन रुग्णाला त्यावरच्या सरावाच्या खेळासमोर एकटे बसवले तर तो त्या खेळात तरबेज होतो आणि फॉर्म भरताना तसाच अडतो. पैसे वाया जातात ते इथे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, तासाभराची सत्रे, तीन-चार महिने, हा व्यवहार्य आराखडा आहे. सुरुवात अशा पातळीवर करावी की दहापैकी आठ उत्तरे बरोबर येतील, कारण सारखे चुकत राहिले की हा माणूस चौथ्या सत्राला येत नाही. सत्राची शेवटची दहा मिनिटे एकाच प्रश्नासाठी: आज वापरलेली युक्ती उद्या वर्गात किंवा कामावर नेमकी कुठे वापरणार? देखरेखीखालचा नियमित व्यायामही मदत करतो. वजन, साखर आणि रक्तदाब यांकडे दुर्लक्ष केले तर दहा वर्षांनंतरच्या घसरणीत त्यांचीही भर पडते.

आमची मागणी अशी. लक्षणे स्थिरावल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांत, प्रत्येकाची अर्ध्या तासाची आकलन चाचणी व्हावी आणि वर्षाने पुन्हा. दुसऱ्या वेळी शब्दांची यादी वेगळी हवी, नाहीतर सराव मोजला जातो. चाचणीआधी नैराश्य, झोप, नशा, थायरॉइड आणि बी-१२ पाहून घ्यावे. याद्यांचे नुसते भाषांतर चालणार नाही. प्रत्येक भाषेत, वय आणि शिक्षणाची वर्षे धरून, स्वतंत्र मानके (निरोगी लोकांचे तुलनेसाठीचे गुण) बसवावी लागतील, आणि त्यासाठी निधी लागेल. अहवाल घरच्यांना समजेल अशा भाषेत द्यावा, कारण ‘आळशी’ हा शब्द घरातून जातो तो कागदावरचा आकडा पाहिल्यावर. घरात सतत टीका होत राहिली की आजार उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून हा कागद उपचाराचाच भाग आहे. त्याच अहवालावर परीक्षेत जादा वेळ, निम्म्या विषयांनी पुनर्प्रवेश, कामावर लेखी सूचना आणि एका वेळी एकच काम, या सवलती मिळाव्यात.

मानके बसवायला आणि प्रशिक्षक तयार करायला वेळ जाईल, हे आम्ही जाणतो. म्हणून सुरुवात ट्रायहेक्सीफेनिडिलपासून करा. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालू असलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर ते का चालू आहे याचे कारण डॉक्टरांनी लिहावे, कारण नसेल तर टप्प्याटप्प्याने कमी करावे, एवढे एक परिपत्रक काढा. त्याला नवे यंत्र लागत नाही, नवे पदही नाही. ते या महिन्यात निघू शकते.

आपले,
मानसिक आरोग्य आणि पुनर्वसन सेवेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ, व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि परिचारिका