मोतीबागेतल्या दादांना, लातूरहून

दादा, नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मायलेक नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज (छोट्या लाईनच्या) रेल्वे संग्रहालयात तुमच्याकडे आलो होतो. तुमच्याकडे रोज माणसं येतात, आम्ही आठवू न आठवू. माझ्या मुलाला जन्मापासून दिसत नाही. अजूनही तुमचा विषय निघाला की गळा भरून येतो, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

त्याआधी एका दुसऱ्या मोठ्या संग्रहालयात दालनोदालनी "हात लावू नका" ऐकलं. वर तिथले एक साहेब मला म्हणाले, "याला काय दिसणार? तुम्ही बघा आणि घरी जाऊन सांगा." 12 वर्षांचं पोर शेजारी उभं राहून ऐकत होतं. डोळे नसले तरी कान असतात, एवढंही कळू नये माणसाला?

तुम्ही थेट त्याच्याशीच बोललात. इंजिनाजवळ उकिडवे बसलात, त्याचं बोट धरून चाकाच्या उंच कडेवरून फिरवलंत. ही कडा रुळाच्या आतल्या अंगाला राहते म्हणून गाडी रूळ सोडत नाही, हे त्याला बोटानं कळलं. मग त्याचे दोन्ही तळहात दोन रुळांवर टेकवलेत. "ही छोटी लाईन. दोन रुळांत 762 मिलिमीटर." मोठी केवढी, असं त्यानं विचारलं, तर उठून दोन्ही हात पसरलेत आणि म्हणालात, "मोज." पोर तुमच्या एका पंजापासून निघालं, मनगट, कोपर, खांदा, छाती चाचपत दुसऱ्या पंजाच्या बोटांपर्यंत गेलं. "जवळजवळ एवढी. 1676." मागे माणसं खोळंबली होती, कुणीतरी चुकचुकलं. त्याचं मोजून होईपर्यंत तुम्ही हात खाली घेतले नाहीत.

घरी आल्यावर त्यानं आजोबांना भंडावून सोडलं. आमची जुनी बार्शी लाईट रेल्वेही 762 चीच. कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअर साहेबानं 1897 मध्ये बार्शीला आणलेली ही गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली. माझे सासरे तिनंच पंढरपूरला जायचे. लातूर-कुर्डुवाडी मार्ग 2008 पर्यंत ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या लाईनचा झाला. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. हे ऐकून पोरानं दोन्ही हात पसरले आणि विचारलं, "आई, छोट्या लाईनवरून एवढं पाणी आलं असतं का गं?" पुस्तकातल्या धड्यातून हा प्रश्न त्याला कधीच सुचला नसता.

संग्रहालयं चालवणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. एक जुनं चाक, हातभर रूळ, डब्याची एखादी साखळी, एवढं तरी हाताला लागेल असं ठेवा. आणि शेजारी या दादांसारखा, घाई नसलेला माणूस ठेवा. अशी माणसं आहेत म्हणूनच आम्ही अजून पोराला घेऊन घराबाहेर पडतो.

दादा, लातूरला याल तेव्हा आमच्याकडेच उतरा. पोराला आता तुम्हाला मीटरगेजचं विचारायचं आहे.

तुमची,
एक आई, लातूर