भेटीचा वार आधी ठरवा

संपादक महोदय,

‘उतारवयात एकटं पडायचं नसेल तर माणसं जोडा, नवे गट शोधा, घराबाहेर पडा’ हा सल्ला आपल्या पुरवणीत अधूनमधून वाचायला मिळतो. हेतू चांगलाच आहे. पण पंचविशीच्या मापाचा सदरा पंचाहत्तरीच्या अंगात चढवावा, तसा तो वाटतो.

गोतावळा वयाबरोबर आटतोच, आणि त्यात बिघडलेलं असं काही नसतं. २०१३ साली जर्मन संशोधकांनी २७७ अभ्यास एकत्र तपासले. ओळखीपाळखीचं वर्तुळ ऐन तारुण्यापर्यंत वाढतं आणि मग हळूहळू घटत जातं. घरच्या माणसांची संख्या मात्र जवळपास तेवढीच राहते, असं त्यात दिसलं. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन याचं कारण वयापेक्षा उरलेल्या काळाच्या जाणिवेत शोधतात. पुढे भरपूर वेळ आहे असं वाटतं तोवर माणूस नवे चेहरे धुंडाळतो; वेळ थोडा उरला असं वाटलं की जिवाभावाच्यांकडे वळतो. याची तपासणीही मोठी गमतीची झाली. तरुणांना सांगितलं, समजा तुम्ही लवकरच एकटेच दूरच्या गावी जाणार आहात. आत्ता अर्धा तास मोकळा मिळाला तर कोणाला भेटाल? त्यांनीही वृद्धांसारखी जवळचीच माणसं निवडली. उलट, नव्या उपचारामुळे आयुष्याची २० वर्षं वाढली अशी कल्पना वृद्धांना करायला सांगितली, तेव्हा त्यांचा तो कल उरला नाही.

तेव्हा सत्तरीतल्या आजींनी मंडळात जायला नकार दिला की लगेच ‘एकलकोंड्या झाल्या’ असा शिक्का मारू नये. त्यांच्या आतल्या वर्तुळात कोण उरलंय, ते बघावं.

ते बघायची रीत सोपी आहे. कान आणि अँटोनुची या अभ्यासकांनी १९८० मध्ये ती मांडली. कागदावर एकात एक तीन वर्तुळं काढायची, मधोमध ‘मी’. ज्यांच्यावाचून जगण्याची कल्पनाच करवत नाही ती नावं सगळ्यांत आत, जवळची पण तितकी नाहीत ती दुसऱ्यात, आणि महत्त्वाची पण जरा लांबची तिसऱ्यात. चूक ठरलेली असते. नावं नात्याच्या मानाने भरली जातात. थोरला भाऊ म्हणून आत, मग त्याच्याशी १० वर्षांत बोलणं झालेलं नसलं तरी. अशी नावं खोडून कागद पुन्हा भरायला सांगावा. नंतर दोन गोष्टी पाहाव्यात. आत एकच नाव आणि तेही जोडीदाराचं असेल, तर आजारपण, पैशाची चिंता, संध्याकाळच्या गप्पा असं सगळंच एका खुंटीला टांगलंय. दुसरं, आतली सगळी नावं समवयस्कांची असतील तर ती थोड्याच वर्षांच्या अंतराने गळणार. निदान एखादं नाव १५-२० वर्षांनी लहान असावं.

चाळिशी-पन्नाशीचा हिशेब निराळा. तिथे माणसं हवी असतात, वेळ नसतो. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अंदाजानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, ‘मित्र’ म्हणण्याइतपत जवळीक व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. कामाच्या जागी शेजारी बसून काढलेल्या तासांचा त्यात फारसा उपयोग होत नाही. (पाहणीतले लोक नुकतेच नव्या गावी आलेले प्रौढ आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते, म्हणजे मैत्रीला आसुसलेले. स्थिरस्थावर माणसाला याहून जास्तच लागत असतील.) महिन्याला दोन तास भेटणाऱ्यांचे २०० तास भरायला आठ वर्षं जातात. म्हणून या वयात नवं खातं उघडण्यापेक्षा बंद पडलेलं जुनं खातं चालू करणं स्वस्त. तिथे तास आधीच भरलेले असतात. आड येतो तो संकोच, ‘इतक्या वर्षांनी आठवण झाली का, असं म्हणेल.’ २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगमालिकेत नेमकं उलटं दिसलं. अचानक आलेल्या निरोपाने समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज पाठवणारा कमीच बांधतो. दोन ओळी पुरतात. मधल्या वर्षांचा खुलासा करत बसू नये, त्यानेच निरोप अडतो.

माणसं वाढली की कटकटीही वाढतात, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. कॅरन रूक यांनी १९८४ मध्ये ६० ते ८९ वयाच्या १२० विधवांचा अभ्यास केला. त्यांच्या मनःस्वास्थ्याशी आधार देणाऱ्यांच्या संख्येपेक्षा त्रास देणाऱ्यांच्या संख्येचा संबंध जास्त पक्का निघाला. रोज टोचून बोलणारं एक माणूस थोडं लांब ठेवता आलं, तर ते तीन नव्या ओळखींपेक्षा कामी येतं.

आता भेटींविषयी. ज्येष्ठांच्या निवासांत तरुणांनी जावं असे उपक्रम उत्साहाने सुरू होतात, म्हणून हे जरा सविस्तर. रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ साली अशा एका निवासातल्या सुमारे ४० जणांचे चार गट केले आणि दोन महिने विद्यार्थ्यांना भेटीला पाठवलं. पहिल्या गटाने विद्यार्थ्याने कधी यावं, किती वेळ बसावं हे स्वतः ठरवायचं. दुसऱ्याला नुसतं आधी कळवायचं. तिसऱ्याकडे तेवढ्याच भेटी, तेवढाच वेळ, पण पूर्वसूचना नाही. चौथ्याकडे कोणीच जायचं नाही. पहिले दोन गट प्रकृतीने आणि उमेदीने सुधारले, दोघेही सारखेच. अवचित भेटी मिळालेला गट मात्र भेटच न मिळालेल्यांच्या पुढे गेला नाही. ‘गुरुवारी चारला येणार’ हे माहीत असलं की बुधवारपासून दिवसाला आकार येतो. अवचित आलेला पाहुणा तो देऊ शकत नाही.

पुढचा भाग १९७८ मध्ये छापला गेला, तो उपक्रमवाल्यांनी जरूर वाचावा. भेटी थांबल्यानंतरच्या काळात जे दोन गट वर आले होते तेच घसरले. उरलेले दोघे होते तिथेच राहिले.

म्हणून उपक्रम सुरू करण्याआधी एवढं तरी ठरवा. वार आणि वेळ एकच ठेवा, आणि ती आजी-आजोबांनी निवडलेली असू द्या. पाऊण तास पुष्कळ झाला. येणं जमणार नसेल तर फोन आदल्या दिवशी करा. चार वाजून गेल्यावर केलेली दिलगिरी कुचकामी. एका व्यक्तीमागे दोन भेट देणारे ठेवा, म्हणजे एकाची परीक्षा आली तरी खंड पडत नाही. जाताना आपलं काही काम घेऊन जा, उसवलेलं बटण असो की न सुटलेलं शब्दकोडं; नुसतं घेत राहणं कोणालाही जड जातं. आणि शेवट पहिल्याच दिवशी सांगा, ‘मी १२ आठवडे येणार.’ त्यानंतर भेटी पंधरवड्यावर न्या, मग महिन्याला एक फोन, तोही ठरलेल्या तारखेला. एवढं झेपणार नसेल तर सुरूच करू नका.

आपले,
ज्येष्ठांसाठी काम करणारे काही वाचक