नव्या एसएलआरची सफाई शिकवणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, जय हिंद.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमध्ये तुमच्या हाताखालून किती रंगरूट गेले, याची गणती तुम्हीही ठेवली नसेल. त्यातल्याच एकाचं हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण तुमचं ऋण माझ्या एकट्यावर नाही.

आभार मानायचे आहेत ते नव्या रायफलीच्या सफाईसाठी. इशापूरच्या कारखान्यातल्या कोऱ्या एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफली, अंगभर घट्ट ग्रीस. कोऱ्या मालाला कसली सफाई, असं कुणालाही वाटेल. तुम्ही आधीच सांगितलंत की हे ग्रीस गोदामापुरतं आहे. चेंबरमध्ये, म्हणजे राउंड (काडतूस) बसतो त्या जागेत, त्याचा थर राहिला तर राउंडचं पितळी खोकं भिंतीला धरत नाही आणि झटका मागे, चेंबरचं मागचं तोंड (ब्रीच) बंद करणाऱ्या ब्रीच ब्लॉकवर येतो. बॅरलमध्ये राहिला तर धोका आणखी मोठा. मग रॉकेल, चिंद्या, पुन्हा चिंद्या. फटीफटीतून ग्रीस निघेपर्यंत कुणी उठायचं नाही.

त्याच्याही आधी मॅगझीन काढा, कॉक करा म्हणजे हँडल मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. रायफल आत्ताच कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, आलेली असली तरी. यात तुम्ही कुणाला कधी सूट दिली नाहीत, आणि तेच योग्य होतं.

तुमची खरी देणगी म्हणजे तुम्ही 'का' सांगायचात. एसएलआरमध्ये गोळीमागचा थोडा गॅस बॅरलमधल्या छिद्रातून वर येतो, पिस्टनला मागे ढकलतो, रिकामं खोकं बाहेर पडतं आणि पुढचा राउंड चढतो. म्हणून पिस्टन आणि गॅस सिलिंडर खुश्क, म्हणजे एकदम कोरडे. तिथे तेल राहिलं तर जळून त्याचा कार्बन होतो, पिस्टन जड चालतो आणि रायफल ऐन वेळी अडते. तेल द्यायचं ते चालीच्या पुर्ज्यांच्या घासणाऱ्या जागांना, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकंच. जोडताना गॅस प्लग, म्हणजे गॅस सिलिंडरचं पुढचं बूच, उलटा बसला तर पिस्टनकडे गॅस जातच नाही, मग प्रत्येक गोळीनंतर हाताने कॉक करत बसावं लागतं. पुल-थ्रू, म्हणजे बॅरल पुसायची चिंधी बांधलेली दोरी, ब्रीचकडून सोडायचा आणि मझलमधून, म्हणजे बॅरलच्या पुढच्या तोंडातून, सरळ ओढायचा. दोरी तिरकी घासली की मझलची कड झिजते आणि नेम कायमचा बिघडतो. राउंड नेहमी कोरडे. 20 राउंडचं मॅगझीन रिकामं करून, उघडून पुसायचं.

हे 'का' कळलं होतं म्हणून पुढे प्रत्येक मुलखात निभावलं. बेळगावच्या पावसात हाताच्या घामानेही लोखंडावर गंज धरतो, तिथे तेलाचा हात रोज फिरवावा लागे. राजस्थानात तेच तेल वाळू धरून ठेवतं, म्हणून पुर्जे जवळजवळ कोरडे. उंचावरच्या थंडीत तेल घट्ट होतं, तिथे अगदी नावापुरतं. बाहेर गारठलेली रायफल शेकोटीजवळ आणली की तिला पाणी सुटतं आणि परत बाहेर नेल्यावर ते आत गोठतं. ती बाहेरच आडोशाला ठेवायची, हे आम्हाला वेगळं शिकवावं लागलं नाही. पुढे 5.56 मिलिमीटरची इन्सास रायफल हातात आली. पुर्जे निराळे, पण कुठे खुश्क आणि कुठे तेल, हे मी तुमच्याच पद्धतीने समजून घेतलं.

माझा पुतण्या राज्य राखीव पोलीस दलात आहे. त्याच्याकडे अजून एसएलआरच. सुट्टीवर आला होता तेव्हा विचारत होता, "काका, पिस्टनला तेल का नको म्हणतात?" मी त्याला तुमच्याच शब्दांत सगळं समजावलं आणि हे कुणी शिकवलं तेही सांगितलं.

तुम्ही पेन्शनीवर निघालात तेव्हा मी दूरच्या पोस्टवर होतो, भेट झाली नाही. आज लिहितोय. मनापासून आभार, उस्ताद. प्रकृतीची काळजी घ्या.

तुमचा,
एक रंगरूट