मंत्रिमहोदय, ‘स्पर्श’ अंध प्रेक्षकांपर्यंत पोहोचू द्या

प्रति,
मा. मंत्री, माहिती व प्रसारण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : जुन्या चित्रपटांच्या जतनाबरोबरच त्यांना ध्वनिवर्णन आणि कॅप्शन जोडण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ आपण पाहिला असेल अशी आशा आहे. नसेल तर दोष आपला नाही. १९७९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला, पटकथेसाठी सईंना आणि अभिनयासाठी नसीरुद्दीन शाह यांना पुरस्कार मिळाले. एवढं होऊनही तो थिएटरात लागायला १९८४ साल उजाडलं. तोवर त्यांचा ‘चष्मेबद्दूर’ येऊन गाजूनही गेला होता. आजही सईंचं नाव निघालं की लोकांना आठवतो तो ‘चष्मेबद्दूर’च. ‘स्पर्श’ मागेच राहिला.

गोष्ट साधी आहे. दिल्लीतल्या अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध, स्वतः अंध, डॉक्टरकडे निघालेला असतो. वाटेत एका बाईच्या गाण्याचा आवाज येतो आणि हा डॉक्टरऐवजी तिच्याच दारात जाऊन पोहोचतो. ती कविता, म्हणजे शबाना आझमी. लग्नाला तीन वर्षं झाली तोच नवरा गेलेला, आणि तेव्हापासून तिने स्वतःला घरात कोंडून घेतलेलं. पुढे एका पार्टीत तो तिला निव्वळ आवाजावरून ओळखतो. मग मैत्री होते, शाळेतल्या मुलांसाठी तिचं येणं-जाणं सुरू होतं, साखरपुडा होतो आणि तो मोडतोही. दोघांनाही आयुष्य पुन्हा एक संधी देतं आणि दोघंही ती जवळजवळ घालवून बसतात. मला हा चित्रपट आवडतो तो अनिरुद्धमुळे. तो हट्टी आहे, तुसडा आहे, कधीकधी तर चक्क अन्याय करतो. आपल्या पडद्यावरचा अंध माणूस एक तर देवळाच्या पायरीवर गाणं म्हणत असतो, नाही तर शेवटच्या रिळात त्याला दिसायला लागतं. अनिरुद्ध यातलं काहीच करत नाही. मदत चालेल, दया नको, एवढंच त्याचं म्हणणं.

हा चित्रपट मी माझ्या एका जन्मांध मित्राबरोबर बसून पाहिला. म्हणजे मी पाहिला, त्याने ऐकला. संवाद भरपूर आहेत, त्यामुळे बराच वेळ काही अडलं नाही. मग तो कॉफीचा प्रसंग आला. कविता मदतीला पुढे होते आणि अनिरुद्ध चिडतो. मित्राने मला कोपराने ढोसलं, “हा एवढा का तडकला?” मदतीला पुढे आलेल्या हाताचा आवाज होत नाही ना! ज्याने हा प्रसंग आयुष्यात नको तितक्या वेळा भोगला आहे, त्यालाच तो शेजाऱ्याला विचारावा लागला. मी सांगेपर्यंत पुढचे दोन संवाद हुकले होते, आणि आता तेही मलाच सांगावे लागणार होते.

यावरचा उपाय आपल्या मंत्रालयाला चांगला ठाऊक आहे. दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय चाललंय हे एक आवाज थोडक्यात सांगतो, त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे ध्वनिवर्णन म्हणतात. काम दिसतं तितकं सोपं नाही. वर सांगितलेल्या जागी ‘कविता हात पुढे करते’ असं म्हणता येईल, कारण ते दिसतं. ‘कविताला त्याची कीव येते’ असं मात्र म्हणून चालणार नाही. ती कीव आहे की प्रेम, यावरूनच तर या दोघांचं बिनसतं! ते ठरवण्याचा हक्क अंध प्रेक्षकालाही हवा, वर्णन लिहिणाऱ्याने तो परस्पर बजावायचा नाही. म्हणून हे काम चार दिवसांत घाईने उरकण्यासारखं नाही. चित्रपट कळणारा लेखक, कसलेला आवाज आणि मजकूर तपासायला अंध परीक्षक एवढी माणसं त्याला लागतात. त्या परीक्षकाला मानधनही मिळालं पाहिजे. शाल-श्रीफळावर भागवण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आपल्या मंत्रालयाने १५ मार्च २०२४ रोजी थिएटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याबद्दल आभार मानायलाच हवेत. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सोय करणं त्यांत बंधनकारक आहे. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी येणाऱ्या चित्रपटांनाही ध्वनिवर्णन आणि कॅप्शन, म्हणजे कर्णबधिरांसाठी संवाद आणि आवाज पडद्यावर लिहून दाखवणारा मजकूर, लागतात. थिएटरातल्या चित्रपटाशी जुळवून ध्वनिवर्णन ऐकवणारी मोबाईल अ‍ॅप्सही आपल्याकडे आहेत. पण हे सगळं प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या नव्या चित्रपटांचं झालं. ‘स्पर्श’ला आज पुरस्काराच्या रांगेत उभं राहायचं असतं, तर ध्वनिवर्णन जोडावं लागलं असतं. त्याला पुरस्कार तेव्हाच मिळून गेले, आता त्याच्यासाठी हे कोण करणार?

करता येईल ते आपल्यालाच. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा मे २०२२ मध्ये आपल्याच मंत्रालयाने केली. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात आहे आणि एनएफडीसीही आपल्याच अखत्यारीत आहे. पुनरुज्जीवनात निगेटिव्ह स्कॅन होते, फ्रेमवरचे ओरखडे पुसले जातात, ध्वनिपट वेगळा काढून त्यातली खरखर साफ केली जाते. चित्र आणि ध्वनी दोन्ही असे टेबलावर उघडलेले असतात, तेव्हाच ध्वनिवर्णनाचा आणि कॅप्शनचा ट्रॅक करून घेणं सर्वांत स्वस्त पडतं. पाच वर्षांनी तोच चित्रपट पुन्हा काढून हे करायचं म्हटलं, तर ते कधीच होणार नाही. सरकारी कामाची रीत आपण आणि मी दोघंही जाणतो.

कायद्याची अडचण कुणी पुढे केलीच, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ४२ त्यांच्यासमोर ठेवावं. ध्वनिवर्णन आणि कॅप्शन यांचा त्यात नावाने उल्लेख आहे आणि जबाबदारी सरकारची आहे. कॉपीराइटचं म्हणाल, तर २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुलभ प्रती काढायला वाट करून दिलेली आहे.

तेव्हा मागणी एवढीच. यापुढे सरकारी पैशाने पुनरुज्जीवित होणारा प्रत्येक चित्रपट ध्वनिवर्णन आणि कॅप्शन यांच्यासहच पूर्ण झाला असं मानावं. तशी अट निविदेतच घालावी, म्हणजे नंतर कुणाच्या मर्जीवर राहायला नको. आणि सुरुवात ‘स्पर्श’पासून करावी. त्यात दिल्लीच्या अंधशाळेतल्या खऱ्याखुऱ्या मुलांनी कामं केली आहेत. आज त्यांनी पन्नाशी ओलांडली असेल. वर्णनाचा मजकूर तपासायला परीक्षक हवेत म्हटल्यावर पहिला निरोप त्यांना जावा, असं मला वाटतं.

या पत्राचं उत्तर पाठवणार असाल, तर एक छोटी विनंती. आपल्या कार्यालयांतून येणारी पत्रं बहुधा सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली असतात आणि अंधांना संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. कृपया मजकूर टाइप केलेल्या स्वरूपात पाठवावा. उत्तर आधी माझ्या मित्रालाच वाचायचं आहे.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक